सत्तेचाळिशीत कोल्हापूर ते कन्याकुमारी सायकलवर: तयारी दुसऱ्या दिवसाची करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की वय ४७, बँकेत दिवसभर खुर्चीवरचं काम, बीपीची एक गोळी चालू, दिवाळीत हायब्रीड सायकल घेतलीय आणि सकाळी रंकाळ्याला एक-दोन फेऱ्या होतात, आता मार्च चालू आहे आणि येत्या जानेवारीत कोल्हापूर ते कन्याकुमारी जायचंय. घरचे म्हणतायत या वयात गुडघे कामातून जातील. तर जमेल का आणि सुरुवात कुठून करायची.

जमेल की. मी बरीच वर्षं लांबच्या राईड करतोय आणि चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांची तयारीही करून घेतो, त्यावरून सांगतो, दहा महिने भरपूर आहेत. फक्त तयारी कशाची करायची ते आधी पक्कं करा. नवीन माणूस एका दिवसात किती किलोमीटर झाले तेवढंच बघतो, आणि एका दिवसात शंभर मारणं या वयातही फार अवघड नाही, तीन-चार महिन्यांत होऊन जातं. पण कन्याकुमारी म्हणजे साधारण १३०० किलोमीटर, रोज ८०-८५ धरले तरी १६ दिवस, वर दोन दिवस विश्रांतीचे. म्हणजे शंभर मारल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परत सीटवर बसवतंय का, गुडघा कुरकुरतोय का, नाश्ता पोटात जातोय का, ते बघायचं. मी माणसाची तयारी त्यावरूनच मोजतो.

याचं कारण असं की सायकल सुरू केली की दम लवकर वाढतो, सहा-आठ आठवड्यांत तुम्हाला स्वतःलाच फरक कळेल, चढावर धाप कमी लागेल. पण स्नायू हाडाला जोडणारे जे टेंडन असतात ते तेवढ्या वेगानं तयार होत नाहीत, त्यांना महिनेच्या महिने लागतात, आणि वय वाढेल तसा हा वेळ अजून वाढतो. त्यामुळं मे महिन्यात तुम्हाला वाटणार की आता आपण कुठंही जाऊ शकतो, आणि नेमकं तेव्हाच एका रविवारी अंतर डबल केलं की गुडघ्याच्या वाटीखाली नाहीतर टाचेच्या मागं दुखणं सुरू होतं आणि दोन महिने घरात बसावं लागतं. दर आठवड्याला साधारण १० टक्क्यांच्या वर अंतर वाढवायचं नाही आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी चालवायची, हे कितीही बरं वाटत असलं तरी पाळा.

त्याआधी डॉक्टर. आणि डॉक्टरांना 'सायकल चालवू का' असं नका विचारू, त्यावर कोणीही हो चालवा की म्हणेल. 'रोज सहा-सात तास, सलग अडीच आठवडे, उन्हातून, मधे घाट' असं स्पष्ट सांगा म्हणजे ते ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, साखर, लिपिड या तपासण्या त्या हिशोबानं बघतील. बीपीची गोळी कुठली आहे तेही विचारून घ्या. बीटा ब्लॉकर प्रकारातली असेल तर हृदयाचे ठोके मुळातच दाबलेले राहतात, मग मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यावर आणि '२२० वजा वय म्हणजे जास्तीत जास्त ठोके' या हिशोबावर ट्रेनिंग करण्यात अर्थ नाही. लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हात पाणी आणि मीठ दोन्ही लवकर कमी पडतं. डोस कमी करायचा की वेळ बदलायची ते डॉक्टर ठरवतील, आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. जोर किती लावायचा याला साधं माप आहे, शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. आठवड्यातली बहुतेक राईड याच जोरात करायची. आणि छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप यातलं काहीही झालं तर सायकल बाजूला घेऊन तिथंच थांबायचं, 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' म्हणायचं नाही.

आता गुडघे. घरच्यांना सांगा की सायकलवर शरीराचं वजन सीटवर असतं, पळताना बसतात तसे दणके गुडघ्याला बसत नाहीत. गुडघे बिघडतात ते चुकीच्या सीटमुळं आणि मोठा गिअर रेटल्यामुळं. आमच्याबरोबर एक प्राथमिक शिक्षक येतात, पन्नाशी ओलांडलेले, पन्हाळा चढून आले की वाटीच्या समोरच्या बाजूला दुखायचं, जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. पट्टा, तेल, शेक सगळं करून झालेलं. त्यांना भिंतीला धरून सायकलवर बसवलं आणि टाच पेडलवर ठेवून पेडल एकदम खाली न्यायला सांगितलं, तर पाय चांगलाच वाकलेला. लहानपणी मोठी सायकल शिकताना दोन्ही पाय जमिनीला टेकायची सवय लागते ती जात नाही, म्हणून सीट खालीच ठेवली जाते. टाच पेडलवर असताना पाय सरळ झाला पाहिजे, मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक आपोआप राहतो. त्यांची सीट एकदम वर घेतली नाही, दर आठवड्याला थोडी थोडी करत साधारण तीन बोटं वर गेली, पंधरवड्यातच जिन्याचं दुखणं कमी यायला लागलं. आता लक्षात ठेवा, गुडघ्याच्या समोर दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, मागच्या लवणीत दुखत असेल तर सीट जास्त वर गेलीय. आणि पेडल मिनिटाला ८०-९० वेळा फिरलं पाहिजे. चढाला जोर लावून खटाखटा रेटण्यापेक्षा हलका गिअर टाकून पाय फिरता ठेवा. लोक मागून पुढं जातील, जाऊ देत.

सीट रुंद आणि मऊ गुबगुबीत घ्यायचा मोह होतो, ती तासभर बरी वाटते. चार तासांनी तीच त्रास देते कारण वजन बसायच्या दोन हाडांवर न राहता मधल्या नाजूक भागावर येतं. हाडांच्या रुंदीला बसणारी, जरा कडकच सीट घ्या. पॅडवाली शॉर्ट घ्या आणि तिच्या आत काही घालायचं नाही, शिवण घासून सालपटं निघतात, हे सांगायला लोक लाजतात म्हणून स्पष्ट लिहितोय. अशा दोन शॉर्ट, रोज रात्री एक धुवायची, आणि निघताना व्हॅसलीन नाहीतर खोबरेल तेल. पंधरा-वीस मिनिटांनी एकदा पेडलवर उभं राहून अर्धा मिनिट रक्त फिरू द्यायचं. जांघेत बधिरपणा आला तर तो सवयीनं जाईल म्हणून सोडून देऊ नका, सीटचं नाक एक चिमूट खाली करा, तरीही येत असेल तर सीट बदला. हाताची करंगळी आणि शेजारचं बोट मुंग्यांनी भरत असेल तर तळहातातली नस दबतेय, हायब्रीडच्या सरळ हँडलच्या टोकांना बार एंड, म्हणजे शिंगासारखे छोटे दांडे, लावून घ्या म्हणजे पकड बदलता येते.

आता महिने कसे वापरायचे. मार्च ते मे पहाटे साडेपाचला निघून नऊच्या आत घरी, आठवड्यातून चार दिवस. तीन दिवस तासाभराची, रविवारी लांब, अंतर वाढेल तशी रविवारची नऊची वेळ पुढं जाईल. सुरुवातीला सपाट रस्ता घ्या, हातकणंगले-जयसिंगपूर करून शिरोळ आणि नृसिंहवाडी, जाऊन येऊन शंभराच्या आसपास होतात, मेअखेरीला तिथवर पोचायचं. पन्हाळा एप्रिलमध्ये सुरू करा, त्याआधी नको. शिवाजी पूल ओलांडून केर्ली, मग वाघबीळ, तिथून खरा चढ लागतो, एकूण चारशे मीटरच्या आसपास उंची चढता. या चढावर गिअर किती हलका लागतो ते कळतं, आणि सायकलला तेवढा हलका गिअर आहे की नाही तेही कळतं.

जून ते सप्टेंबरमध्ये बहुतेकांची तयारी मोडते. आपल्याकडचा पाऊस, त्यात गगनबावड्याकडं तर विचारूच नका, धुक्यात समोरची गाडी दिसत नाही, तिकडं जाऊ नका. पण पूर्ण बंदही करू नका कारण या वयात चार महिने सोडलं की परत शून्यापासून. उघडीप मिळेल तशी आठवड्यातून दोनदा तासभर, आणि उरलेल्या दिवसांत ताकदीचा व्यायाम. कोल्हापुरात तालमी गल्लोगल्ली आहेत, बैठका कोणीही शिकवेल. फक्त पैलवानासारख्या शेकडो बैठका मारायच्या नाहीत. सावकाश, मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत, दहा-दहाचे तीन सेट, त्याच्याबरोबर एका पायावर खुर्चीतून उठणं, टाचा उचलणं, ब्रिज (उताणं झोपून कंबर उचलणं), प्लँक (कोपरांवर आणि चवड्यांवर अंग सरळ धरणं). आठवड्यातून दोन दिवस पुरे. चाळिशीनंतर स्नायू आपोआप कमी होत जातात, आणि सायकलवर हाडांवर भार येत नाही म्हणून नुसती सायकल चालवून हाडं बळकट होत नाहीत, ते काम या व्यायामानं होतं. पाठ आणि पोट बळकट असलं की मानदुखीही कमी होते कारण मग सगळं वजन हातांवर टाकायला लागत नाही.

ऑक्टोबरपासून खरी तयारी, सलग दोन दिवसांची. शनिवारी नृसिंहवाडी, रविवारी पन्हाळा. रविवारी अंतर कमी असलं तरी चालेल पण जायचंच. नंतर एका शनिवारी गगनबावडा, सुमारे ५५ किलोमीटर, तिथं मुक्काम आणि रविवारी परत. हे करताना बॅगा लावून जायचं, रिकाम्या सायकलवरची तयारी भरलेल्या सायकलला चालत नाही, दहा-बारा किलो मागं असले की उतारावर सायकल वेगळीच वागते. डिसेंबरच्या सुरुवातीला तीन दिवसांची रंगीत तालीम करा. कोल्हापूर-गगनबावडा, तिथून करूळ घाट उतरून वैभववाडी, मग फोंडा, फोंडा घाट चढून दाजीपूर-राधानगरी आणि परत कोल्हापूर. निघायच्या आधी करूळ घाट चालू आहे का तेवढं विचारून घ्या, दरडी आणि कामं यामुळं तो अधूनमधून बंद असतो. या फेरीत उतार, कोकणातला दमटपणा, घाटाची चढण आणि तिसऱ्या दिवसाचा थकवा सगळंच भेटतं. तिसऱ्या दिवशी राधानगरीहून निघताना तुम्ही नीट असाल तर जानेवारीत निर्धास्त जा.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायच्या राईड, करू का असंही तुम्ही विचारलंय. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत अशा त्या असतात, पुण्याकडं नियमित होतात. चांगल्याच आहेत, रात्री चालवायची शिस्त लागते, आणि हौस असेल तर एक २०० जरूर करा. पण त्यात एका दमात अंतर काढायचं असतं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी झोपता. तुमच्या प्रवासाला त्याहून सलग दिवसांचा सराव जास्त उपयोगी पडणार.

एक गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती, पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. ज्या महिन्यांत तुमची तयारी जोरात येणार तेव्हाच कारखान्यांचं गाळप चालू होतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, आतल्या गाण्याच्या आवाजात चालकाला मागचं काही ऐकू येत नाही. बैलगाड्याही अंधारातच चाललेल्या असतात. ट्रॉलीला ओव्हरटेक करताना पहिली ट्रॉली संपली असं वाटतं आणि दुसरी लांबून वळत अंगावर येते. त्यामुळं नोव्हेंबरपासून पहाटे अंधारात निघायचं बंद, फटफटल्यावर निघा, संध्याकाळी दिवस मावळायच्या आत घरी. ट्रॉलीच्या मागं अंतर ठेवा, रस्त्यावर सांडलेल्या उसावरून ओल्या रस्त्यात ब्रेक मारू नका. मागचा लाल लाईट दिवसाही चालू ठेवा आणि हेल्मेट अर्थातच.

खाणं. उपाशीपोटी सकाळी तासभर चालवली तर चालतं, लांबच्या राईडला चालत नाही. दीड तासाच्या वरची राईड असेल तर ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतं, म्हणजे एक केळं आणि दोन चिक्क्या, किंवा राजगिऱ्याचा लाडू, किंवा आपला गुळाचा खडा आणि शेंगदाणे. भूक लागायच्या आधी, दर ४० मिनिटांनी थोडं थोडं. पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर, आणि नुसतं साधं पाणी ढोसत राहू नका, घामातून मीठ गेलेलं असताना फक्त पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून अजून पितात. बीपीमुळं मीठ कमी करायला सांगितलेलं असेल तर राईडमध्ये ओआरएस किती घ्यायचं हे डॉक्टरांशीच ठरवा. मिसळ, कटवडा राईड संपल्यावर, मधे नको, तिखट आणि तेल घेऊन दोन तास वाकून बसलं की छातीत जळजळ होतेच. जेवणात प्रथिनं वाढवा, दिवसभरात शरीराच्या दर किलोला १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत, किडनीचा त्रास नसेल तर. अंडी, डाळ, उसळ, चिकन, आणि गंगावेशीच्या कट्ट्यावरचं दूध आहेच. आणि झोप. सात तास झोप होत नसेल तर त्या आठवड्यात अंतर वाढवू नका, दुसऱ्या दिवशी शरीर भरून यायचं ते झोपेतच.

सायकल बदलायची गरज नाही, हायब्रीड चांगली आहे. दुकानात एवढंच बघून घ्या की पुढचा सगळ्यात लहान दात्यांचा चक्का मागच्या सगळ्यात मोठ्यापेक्षा लहान किंवा फार तर बरोबरीचा असावा, म्हणजे भार घेऊन घाट चढता येतो. टायर ३५ मिलिमीटर रुंदीचे, नवे. मागच्या चाकाचा आउट, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडं हलणं, हातानं नीट काढून तारा ताणून घ्या कारण भार पडल्यावर मागच्या चाकाच्या चेनकडच्या बाजूच्याच तारा आधी तुटतात, त्या मापाच्या चार तारा बरोबर ठेवा. चेन झिजली असेल तर निघायच्या महिनाभर आधी बदला, आदल्या दिवशी काहीही नवीन बसवायचं नाही. दोन ट्यूब, पंक्चर किट, पंप, मल्टीटूल, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), ब्रेक पॅड. ट्यूबचा वॉल्व्ह कुठला आहे बघा. बारीक प्रेस्टा असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याचा नोझल त्याला बसत नाही, छोटा पितळी अडॅप्टर मिळतो, एक वॉल्व्हलाच लावून ठेवा आणि एक पाकिटात. पंक्चर काढायला आणि चेन जोडायला घरी अंगणात शिकून घ्या, पावसाळ्यात वेळ असतोच.

जानेवारी हा महिना तुम्ही बरोबर निवडलाय. ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडू आणि दक्षिण केरळात परतीचा पाऊस असतो. फक्त जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाचा हंगाम चालतो, त्या दिवसांत केरळात वाहतूकही जास्त आणि मुक्कामाला जागाही कमी, म्हणून १५ तारखेनंतर केरळात शिराल असं बघा. किनाऱ्यानं गेलात तर गोव्यापासून पुढं कारवार-होन्नावर पट्ट्यात रस्ता सारखा वर-खाली होतो, तिथं रोजचं अंतर कमी धरा. मरवंतेला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आहे, तिथं मात्र घाई करू नका. थंडीत आपल्या हवेची सवय झालेल्या माणसाला किनाऱ्यावरचा दमटपणा पहिले तीन-चार दिवस जड जातो, दुपारी बारा ते तीन सावलीत थांबायचंच. येताना सायकल रेल्वेनं तिकिटाबरोबर लगेज म्हणून बुक करता येते, गाडीच्या दोन तास आधी पार्सल ऑफिसला पोचा, पेडल काढून हँडल आडवं वळवा आणि पुठ्ठा गुंडाळा.

रजा तीन आठवड्यांची टाका, अठरा दिवसांची टाकलीत तर शेवटच्या आठवड्यात दुखणं अंगावर काढून चालवाल. निघायच्या आधीचे दहा दिवस सायकल निम्म्यावर आणा. आणि पहिल्या दिवशी कितीही जोर असला तरी मुक्काम आजऱ्यालाच करा, ८५-९० किलोमीटर होतात. त्या दिवशी सगळे सोडायला आलेले असतात, अंगात उत्साह असतो, आंबोली तीसेक किलोमीटरवरच आहे असं वाटतं, तरीही थांबा. आजऱ्यात घनसाळचा गरम भात आणि वरण जेवून नऊला झोपा, सकाळी उजाडल्यावर ब्रेक तपासून निघा आणि आंबोलीचा घाट दोन्ही ब्रेक आलटून पालटून वापरत सावंतवाडीकडं उतरा, सलग दाबून धरले तर रिम तापतात.